थोरल्या जावयाची सायकल

माझे थोरले भाऊजी श्रीरंग लघाटे यांना दुसऱ्याचे चांगले झालेले बघवत नसे. हे मी त्यांच्या माघारी बोलतो आहे असे नाही; ते स्वतःच सांगत. "इथं दुखते," असे म्हणून ते डाव्या बरगडीखाली बोट ठेवत. समोरच्यांकडे टेबलपंखा आला की तिथे दुखे. कोणाचा मुलगा पहिल्या वर्गात पास झाला की दुखे. एकदा दुखणे लांबले म्हणून अनसूयाताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, त्यांना जबलपूरच्या ओमती भागात वैद्यांकडे नेले. वैद्यांनी नाडी पाहिली, वायू आहे म्हणाले आणि हिंगाष्टक दिले. परत येताना ताई म्हणाली, "वायू नाही, मिश्रांच्या पोरीचं लग्न जमलं, ते आहे."

"जमलं तर जमलं," भाऊजी म्हणाले, "पण इंजिनीअरच काहून पाहिजे होता त्यांना?"

भाऊजी जबलपूरचेच. त्यांचे वडील आणि माझे वडील बापूसाहेब रेल्वेत एकत्र होते, क्वार्टरही शेजारी. वडील लवकर गेल्यामुळे मॅट्रिकनंतर शिक्षण थांबले आणि ते लष्करी सामानाच्या फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये लागले. आयुष्यभर तिथेच राहिले. सुटे भाग आत घेणे, मोजणे, तेलकागदात गुंडाळून फळीवर ठेवणे आणि मागणी आली की बाहेर देणे, हे त्यांचे काम. बापूसाहेबांनी त्यांना अर्ध्या चड्डीत पाहिलेले असल्यामुळे जावई झाल्यावरही ते "श्रीरंग"च राहिले. आमच्याकडे जावयाला नावापुढे 'राव' लावल्याशिवाय हाक मारत नाहीत. पण अंगणात गोट्या खेळलेल्या मुलाला एका दिवसात राव कसा लावायचा, हे बापूसाहेबांना जमले नाही.

हे भाऊजींना काही वर्षे चालले. पुढे धाकट्या बहिणीचे, वसुधाताईचे लग्न झाले. तिचे यजमान श्रीपाद हर्षे नागपूरचे, डिप्लोमावाले. ते याच फॅक्टरीत चार्जमन, म्हणजे कामगारांवरचे साहेब, म्हणून आले. उंच, हसतमुख, बोलण्यात मोकळे. लग्नाच्या मांडवातच बापूसाहेब त्यांना "श्रीपादराव" म्हणाले. त्या दिवसापासून भाऊजींच्या बरगडीखालच्या जागेला कायमचे नाव मिळाले.

श्रीपादरावांना यातले काही माहीत नव्हते. साडूशी आपली स्पर्धा चालू आहे याची त्यांना शेवटपर्यंत कल्पना नव्हती, आणि भाऊजींची खरी पंचाईत तीच होती. जो खेळतच नाही त्याला हरवायचे कसे?

एकसष्ट साली अधिक महिना आला. अधिकात जावयाला वाण देण्याची आपल्याकडे रीत आहे: अनारसे, दिवा, आणि ऐपतीप्रमाणे चांदीचे काहीतरी. बापूसाहेब त्याच वर्षी निवृत्त होऊन अधारतालला बांधलेल्या घरात राहायला आले होते. ते आईला म्हणाले, "चांदीची वाटी घेऊन हे दोघं काय करतील? फॅक्टरीत पायी जाऊन राहिले. सायकल देतो." ओमतीच्या दुकानातून एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन काळ्या सायकली आल्या. अंगणात त्या एकमेकींना टेकून उभ्या केल्या तेव्हा कोणती कोणाची हे ठरलेले नव्हते. आईने ओवाळले, अनारशांची ताटे दिली. श्रीपादराव जवळच्या सायकलीवर हात ठेवून म्हणाले, "मग ही माझी." राहिलेली भाऊजींची.

घरी जाऊन भाऊजींनी सीटखाली कोरलेला नंबर पाहिला. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीच्या स्टँडवर श्रीपादरावांच्या सायकलीचाही पाहिला. दोन्ही नंबर लागोपाठचे होते. आधीचा श्रीपादरावांच्या सायकलीवर होता.

"म्हणजे वाणाच्या दिवशीही मी दुसरा," ते ताईला म्हणाले.

"नंबर दुकानात पडतात का?" ताई म्हणाली. "सायकल सारखी आहे न?"

"आज सारखी आहे."

त्या 'आज'मध्ये पुढची दहा वर्षे होती. पगार, हुद्दा, उंची, हसणे, यांपैकी कशातही ते श्रीपादरावांच्या पुढे जाऊ शकत नव्हते. पण सायकली सारख्याच होत्या. कोणाची टिकते ते एक दिवस बापूसाहेबांना दिसेल आणि त्या दिवशी ते काहीतरी बोलतील, एवढ्या एका वाक्यासाठी भाऊजींनी ती सायकल राखली.

राखणे म्हणजे काय ते मी पाहिले आहे. संध्याकाळी फॅक्टरीतून आले की आधी सायकल, मग चहा. ताईच्या जुन्या पातळांची तीन फडकी त्यांनी वेगवेगळ्या खिळ्यांना टांगलेली असत: चिखलाचे, कोरडे आणि तेलाचे. एकाचे काम दुसऱ्याला नसे. प्रत्येक तार चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत पुसायची. मडगार्डच्या आतल्या बाजूला चिखल बसतो आणि ओल धरून ठेवतो, म्हणून तिथे जुना दात घासायचा ब्रश. रविवारी चेन काढून रॉकेलच्या डब्यात बुडवायची, वाळवायची, मग शिलाई मशीनचे तेल, आणि ते जिरले की वरचे तेल पुन्हा पुसून टाकायचे. नाहीतर त्यावर धूळ बसते आणि धुळीत दव. रिमला मात्र तेलाचा हात लागू द्यायचा नाही, ब्रेक घसरतो. हँडल आणि घंटीवर व्हॅसलिनचा पातळ हात. उभी करायची ती फळीवर, ओल्या फरशीवर कधी नाही. पावसाळ्यात ते आल्याबरोबर सायकल स्वच्छ पाण्याने धूत आणि मग कोरडी करत. पावसात भिजलेली सायकल पुन्हा काहून धुता, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "पाण्यानं नाही बिघडत, पाण्यासोबत आलेल्या घाणीनं बिघडते. अन् वाळू न दिल्यानं."

हे त्यांनी मला सांगितले, कारण माझ्याकडे तेव्हा सायकल नव्हती. ज्याच्याकडे होती अशा कोणाला त्यांनी कधी काही सांगितल्याचे मला आठवत नाही. स्टँडवर लोक विचारत, "लघाटे बाबू, क्या लगाते हो?" ते म्हणत, "कुछ नहीं भैया, कंपनी का माल अच्छा है."

श्रीपादराव सायकल चालवत तशी चालवत. पावसात भिजली तर भिजली. तिसऱ्या वर्षी त्यांच्या तारांवर तांबूस ठिपके आले. ते पाहून भाऊजी इतके खूश झाले की ताईला सिनेमाला घेऊन गेले. नेहरूजी गेले त्या उन्हाळ्याच्या आसपासची ही गोष्ट. ताईला ती सिनेमामुळे आठवते.

पण स्पर्धा रंगात येत असतानाच श्रीपादरावांनी नोंदवलेली स्कूटर मिळाली. त्यांनी सायकल बापूसाहेबांच्या मागच्या छपरीत आणून उभी केली, मेणकापडात नीट गुंडाळून वरून सुतळी बांधली, आणि विसरून गेले. भाऊजींना फार वाईट वाटले. स्कूटरचे तर वाटलेच, पण त्याहून अधिक याचे की आता त्यांची सायकल कोणाशी तुलना करून पाहायची? श्रीपादराव फटफट करत येत, बापूसाहेब ओट्यावरून उठून उभे राहत. भाऊजी आपली चकचकीत सायकल फाटकाशी टेकवत, बापूसाहेब म्हणत, "ये श्रीरंग." बसल्या जागेवरून.

दरम्यान बापूसाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि कानही मंद होत चालले होते. ते वाक्य ऐकायला मिळण्याची मुदत सरत चालली होती, आणि भाऊजींना ते कळत होते.

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात शहरात दुसरा विषय नव्हता. आज लढाई सुरू होते, उद्या होते. फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला होता, आवारात खंदक खणले होते, घरोघर खिडक्यांना काळे कागद लागले होते. मी तेव्हा बी.कॉम. होऊन फॅक्टरीच्या हिशेब खात्यात लागलो होतो आणि अधारतालला बापूसाहेबांजवळ राहत होतो. त्याच दिवसांत श्रीपादरावांच्या स्कूटरचा कसलासा भाग तुटला. मिस्त्री म्हणाला, महिनाभर मिळणार नाही. तेव्हा त्यांना छपरीतली सायकल आठवली. एका रविवारी सकाळी ते आणि वसुधाताई रिक्षाने आमच्याकडे आले.

इथे आमच्या बोलीतला एक शब्द सांगायला हवा. पुण्याकडे लोखंडाला गंज लागतो. आमच्याकडे गंज म्हणजे वरण शिजवायचे उभे भांडे. लोखंडाला लागते ती जंग. हा शब्द आम्ही हिंदीतून घेतला. आणि हिंदीत लढाईलाही जंगच म्हणतात, ती बापूसाहेब रोज रेडिओवर ऐकत.

त्या सकाळी वीज गेलेली होती आणि रेडिओ मुका होता. मी भाजी आणायला गेलो होतो. पुढचे बोलणे वसुधाताईने ऐकले आणि तिने ते नंतर इतक्या वेळा करून दाखवले आहे की मीच तिथे होतो असे मला वाटते. श्रीपादराव मागच्या छपरीत सुतळी सोडत होते आणि बापूसाहेब मधल्या दारात खुर्चीवर बसले होते.

"अरे राम," श्रीपादराव आतून म्हणाले, "जंग लागली."

"काय?"

"जंग लागली, बापूसाहेब."

बापूसाहेब सरळ होऊन बसले. "केव्हा?"

"केव्हा ते काय सांगू? कोणाचं लक्षच नव्हतं."

"असं कसं लक्ष नव्हतं? एवढे लोक नेमलेले आहेत."

श्रीपादरावांना वाटले, सासरे विनोद करून राहिले. ते हसून म्हणाले, "खालून सुरू झाली. आता वरपर्यंत पसरली आहे."

"खालून?" बापूसाहेब स्वतःशी म्हणाले. "मी तर समजत होतो पूर्वेकडून."

"काय म्हणता?"

"म्हटलं, आता काय करायचं?"

"श्रीरंगरावांना बोलवा. आपल्या घरात या कामाचा तोच एक माणूस आहे."

मी भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत येत होतो, तेवढ्यात बापूसाहेबांनी मला पायरीवरच अडवले. "श्रीकांत, जा, श्रीरंगला घेऊन ये. जंग लागली म्हणून सांग. श्रीपादराव म्हणतात, या कामाचा तोच एक माणूस आहे. अन् अनसूयालाही आण." आईला त्यांनी सगळे गंज पाण्याने भरून ठेवायला सांगितले. मी कोणालाही काही विचारले नाही. सगळे शहर त्याच बातमीची वाट पाहत होते. ती आली, एवढेच मला वाटले. शेजाऱ्यांची सायकल मागून मी निघालो.

भाऊजी ओमतीच्या मागच्या गल्लीत राहत. मी पोचलो तेव्हा ते ओट्यावर चेन वाळत घालून बसले होते.

"भाऊजी, जंग लागली. बापूसाहेब बोलावून राहिले."

"कोणाला?"

"तुम्हाला. ताबडतोब."

"श्रीपादराव कुठे आहे?"

"तिथंच आहेत. पण बापूसाहेब म्हणाले श्रीरंगला आण. श्रीपादराव स्वतःच म्हणाले म्हणे, या कामाचा तोच एक माणूस आहे."

भाऊजींच्या चेहऱ्यावर काय आले ते मला लिहिता येत नाही. देशावर संकट आले होते आणि हा माणूस उजळून निघाला होता. "अनसूये," ते आत वळून म्हणाले, "ऐकलं न? लढाई लागली तर बापूसाहेबांनी कोणाला बोलावलं?" मग त्यांनी चेन चढवली आणि दाढी करायला बसले.

"अहो, दाढी कशाला?" ताई म्हणाली. "लढाई लागली न?"

"म्हणूनच. थोरल्या जावयानं अशा वेळी वाढलेल्या दाढीनं जाऊ नये. सगळे घाबरून जातात."

त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. टॉर्च, मेणबत्त्या, दोरी, रॉकेलचा डबा आणि कापसाचे बोळे पिशवीत घेतले. ताई मागच्या कॅरिअरवर बसली. सगळ्या रस्त्याने ते मला सूचना देत होते. विमान आले तर कोणत्या भिंतीशी बसायचे, आईला कोणी उचलायचे, बापूसाहेबांना घेऊन महाराजपूरला कोणाकडे जायचे. वाटेत लोक नेहमीसारखे भाजी घेत होते, पानाच्या टपरीवर हसत होते. "यांना अजून खबर नाही," भाऊजी म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा बापूसाहेब फाटकात उभे होते. उभे होते, हे भाऊजींनी पाहिले.

"आलास? बरं झालं," बापूसाहेब म्हणाले. "आता तूच सांग काय करायचं."

भाऊजींनी पिशवी खाली ठेवली आणि अगदी हळू, ठाम आवाजात म्हणाले, "पहिलं म्हणजे कोणी घाबरायचं नाही. सगळ्यांनी मधल्या खोलीत..."

तेवढ्यात घराच्या बाजूने बनियनवर श्रीपादराव आले. दोन्ही हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते. "या श्रीरंगराव," ते म्हणाले, "तुमचीच वाट पाहून राहिलो. बघा न, पूर्ण जंग लागली." आणि मागून त्यांनी ती सायकल ढकलत पुढे आणली. चाक फिरत नव्हते. फरफटत येत होते.

आधी वसुधाताईला हसू फुटले. तिच्यामागून आईला, मग मला. श्रीपादरावांना काय झाले ते कळायला वेळ लागला. कळल्यावर ते पायरीवरच बसून हसायला लागले. बापूसाहेब विचारत होते, "म्हणजे लागली की नाही? नीट सांगा न कोणीतरी."

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्याची बाही एकदा सारखी केली, पिशवी उचलली आणि आपली सायकल वळवली. ताई त्यांच्या जवळ उभी होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आता गेलात तर जन्मभर हसतील. थांबलात तर संध्याकाळपर्यंत."

"मी त्याची सायकल साफ करू?"

"करू नका. पण अशी संधी पुन्हा यायची नाही. दोन्ही सायकली एका अंगणात आल्या आहेत."

भाऊजी थांबले. थोड्या वेळाने त्यांनी सायकल फाटकाऐवजी ओट्याशी नेऊन लावली, सदरा काढून ताईजवळ दिला आणि श्रीपादरावांना विचारले, "हे मेणकापड कोणी बांधलं होतं?"

"मीच. पाणी लागू नये म्हणून."

"आत होतं तेही पाणी बाहेर जाऊ दिलं नाही तुम्ही. झाकली म्हणजे राखली असं नसते." हे वाक्य ते बापूसाहेबांकडे पाहून, मोठ्याने बोलले. मग म्हणाले, "मागं नाही, इथं पुढं आणा. उजेडात. अन् कोणी हात लावायचा नाही."

दुपारपर्यंत त्यांनी ती सायकल पूर्ण मोकळी केली. रॉकेलचा डबा अनायासे आणलेलाच होता. बॉम्बची आग विझवायला घरात आणून ठेवलेल्या वाळूतली मूठभर आणि चिंधी घेऊन ते घासत बसले. प्रत्येक भाग निघाला की तो वर धरायचा आणि म्हणायचे, "बघा बापूसाहेब, ही श्रीपादरावांची चेन." कड्या एकमेकींना चिकटून चेन काठीसारखी ताठ झाली होती. "हे श्रीपादरावांचं मडगार्ड. बोट आरपार जाते बघा." आवाजात सहानुभूती होती, पण डोळे लकाकत होते. श्रीपादराव बिचारे मान हलवत होते. "खरंच हो, माझंच चुकलं," असे म्हणत होते, आणि ते इतक्या सहज म्हणत होते की भाऊजींना त्याचेही दुखले असावे.

पण बापूसाहेब नुसते "हं" म्हणत. त्यांना दिसतच नव्हते. दहा वर्षे ज्या दिवसाची वाट पाहिली तो आला, दोन्ही सायकली सासऱ्यांच्या समोर उभ्या राहिल्या, आणि सासऱ्यांना त्यांच्यात दोन काळ्या आकृतींपलीकडे काही दिसत नव्हते. हे ध्यानात आले तेव्हा भाऊजींचा हात थांबला.

ताईला ते कळले. ती म्हणाली, "बापूसाहेब, तुम्ही हातानं बघा न."

सायकल पुन्हा जोडून झाली होती. चाके फिरत होती, चेन हलत होती. भाऊजींनी आपली सायकल तिच्या शेजारी उभी केली. बापूसाहेब काठी ठेवून उठले. दोन्ही हँडलांवर त्यांनी एक एक हात ठेवला. श्रीपादरावांच्या हँडलचे निकल उडून खड्डे पडले होते; ते घासून येण्यासारखे नव्हते. बापूसाहेबांनी दोन्ही हात मागेपुढे फिरवले.

"ही तुझी," ते उजवा हात न उचलता म्हणाले.

मग डावा हात सोडून ते दोन्ही हातांनी भाऊजींचीच सायकल चाचपू लागले. घंटी, दांडा, सीटच्या स्प्रिंगा. वाकून त्यांनी मडगार्डच्या आत बोटे घातली. तारांवरून बोटे फिरवली तेव्हा हलका आवाज आला. रेल्वेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला लोखंड हाताने कळत होते.

"एकसष्टची न ही?"

"हो."

"रोज पुसतोस?"

"रोज."

"काहून रे, श्रीरंग?"

हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारला नव्हता. ताई अंगणातल्या विहिरीकडे पाहू लागली. भाऊजी तेलकट फडके या हातातून त्या हातात घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही दिलेली होती म्हणून."

खोटे नव्हते, पुरते खरेही नव्हते.

बापूसाहेबांनी सीटवर हलकी थाप मारली. मग म्हणाले, "अशी वस्तू मी कोणाच्या घरी पाहिली नाही." भाऊजींनी मान खाली घातली. मला वाटते, आयुष्यात पहिल्यांदाच एवढा वेळ त्यांना कुठेच दुखले नसेल. पण बापूसाहेबांचे बोलणे संपले नव्हते. "आता असं कर. श्रीपादरावांनाही सांग कशी ठेवायची ते. दोन्ही मीच दिल्या आहेत. दोन्ही राहू दे सारख्या."

"हो, सांगा न," श्रीपादराव लगेच पुढे सरकले. "रोज काय लावायचं?"

स्टँडवर सगळी फॅक्टरी विचारून थकली तो प्रश्न हा. आणि विचारणारा माणूस हा. भाऊजींनी आधी बापूसाहेबांकडे पाहिले, मग श्रीपादरावांकडे, मग स्वतःच्या सायकलीकडे.

"खोबरेल," ते म्हणाले.

"साधं खोबरेल?" श्रीपादराव म्हणाले. "बस?"

ताई सदऱ्याची घडी करत होती. ती घडीकडेच पाहत म्हणाली, "खोबरेल थंडीत गोठते न हो? कालच बाटली उन्हात ठेवली मी."

भाऊजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तेच सांगून राहिलो," ते म्हणाले. "खोबरेल लावायचं नाही. गोठते, अन् त्याला मळ चिकटते. पुष्कळ लोक तीच चूक करतात. शिलाई मशीनचं तेल घ्यायचं." आणि मग एकदा सुरुवात झाल्यावर त्यांनी सगळे सांगितले: तीन फडकी, ब्रश, फळी, लावलेले तेल पुन्हा पुसणे, रिमला हात न लावणे. सांगताना ते श्रीपादरावांकडे पाहत नव्हते, बापूसाहेबांकडे पाहत होते, आणि प्रत्येक वाक्याला काहीतरी हातचे सोडून दिल्यासारखा त्यांचा आवाज बारीक होत होता. श्रीपादराव मन लावून ऐकत होते. वाईट विद्यार्थी असते तरी चालले असते.

जाताना श्रीपादरावांनी खाली वाकून भाऊजींना नमस्कार केला. भाऊजींनी आशीर्वाद दिला. देताना दुसरा हात बरगडीखाली होता.

त्याच आठवड्यात शुक्रवारी खरोखर लढाई सुरू झाली. या वेळी बापूसाहेबांनी बातमी तीन वेगवेगळ्या माणसांकडून खात्री करून घेतली. फॅक्टरीत दिवस-रात्र काम चालले. संध्याकाळी शहर काळे होई आणि लोक सायकलींचे दिवे कागदाने झाकून चाचपडत घरी जात. भाऊजींच्या स्टोअरमध्ये माल ठेवायला जागा उरली नव्हती. तरीही जेवणाच्या सुट्टीत ते स्टँडवर दिसत. स्टँडवाला तुळशीराम मला म्हणाला, "आपके जीजाजी रोज हर्षे साहब की साइकिल पर उँगली फेरते हैं। कुछ खो गया है क्या?"

पहिले काही दिवस बोट स्वच्छ निघत होते. श्रीपादराव शिकवल्याप्रमाणे रोज पुसत होते. वसुधाताईने जुन्या पातळाची तीन फडकी करून दिली होती. ताई मला म्हणाली, "श्रीकांत, यांचं जेवण कमी झालं आहे. तू तरी श्रीपादरावांना सांग, एखादा दिवस पुसू नका म्हणावं." ती हे गंमतीने म्हणाली की नाही ते मला सांगता येत नाही. भाऊजी लढाईच्या बातम्या ऐकत, काळजी करत, पण मधेच विचारत, "वसुधा काय म्हणते? तो थकत नाही का एवढ्या ओव्हरटाइममध्ये?"

सोळा डिसेंबरला संध्याकाळी रेडिओवर विजयाची बातमी आली. गल्लोगल्ली फटाके वाजू लागले, इतक्या दिवसांनी दुकानांचे दिवे पूर्ण उघडले. मी ताईकडे गेलो तर भाऊजी माझ्याआधीच आलेले होते आणि त्यांच्या हातात खोव्याच्या जिलेबीची टोपली होती. एवढी जिलेबी त्यांनी स्वतःच्या मुलींच्या बारशालाही आणली नव्हती. त्यांनी सगळ्या गल्लीला वाटली. मिश्राजींना तर दोन दिल्या.

"फतह की मिठाई है, लघाटे बाबू?" मिश्राजींनी विचारले.

"हां भैया, फतह की," भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा समाधानाने भरून गेला होता.

मी ताईला म्हणालो, "भाऊजी एवढे देशभक्त आहेत हे माहीत नव्हतं."

ताईने माझ्या हातावर जिलेबी ठेवली. "आज दुपारी स्टँडवर बोटाला तांबडं लागलं," ती म्हणाली. "श्रीपादराव आठवडाभर घरी नुसते झोपायला जाऊन राहिले, पुसायला वेळ कुठून मिळणार? खा गरम आहे तोवर. अन् वसुधाकडे जाशील तर चार घेऊन जा, पण कशाची ते सांगू नको."

मी चार जिलेब्या पानात बांधून घेतल्या. वसुधाताईकडे श्रीपादराव नुकतेच येऊन बुटांसकट खाटेवर आडवे झाले होते. "श्रीरंगरावांनी पाठवली?" ते उठून बसत म्हणाले. "बघ वसुधा, एवढ्या धावपळीतही आपली आठवण ठेवतो हा माणूस." आणि त्यांनी चारही खाल्ल्या.